भिडे वाडा आणि विश्रामबाग वाडा : शाळेच्या वास्तूचा विचार

प्रस्तावना

पुणे शहरातील शैक्षणिक वास्तूंविषयी आजवर झालेल्या लेखनात एक विभागणी सहज दृष्टीस पडते. ज्या इमारती विद्यालयासाठी म्हणून बांधल्या गेल्या, त्यांची चर्चा वास्तुकलेच्या अंगाने होते. त्यांच्या कमानी, मनोरे, दगड, शैली व वास्तुकार यांची तपशीलवार नोंद आढळते. याउलट ज्या इमारतींत शाळा भरली, परंतु ज्या शाळेसाठी बांधल्या गेल्या नव्हत्या, त्यांचा उल्लेख केवळ घटनास्थळ म्हणून येतो. येरवड्याचे डेक्कन कॉलेज पहिल्या प्रकारात मोडते. लष्करी अभियंता हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याच्या आराखड्यानुसार करड्या दगडात उभी राहिलेली ती गॉथिक इमारत १८६४ साली सुरू होऊन १८६८ साली वापरात आली, हे कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचावयास मिळते. बुधवार पेठेतील भिडे वाडा दुसऱ्या प्रकारात मोडतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तेथे मुलींची शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक आहे. तो वाडा कसा होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ही विभागणी निरुपद्रवी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, न्यायालयीन लढा संपल्यानंतर, पोलीस बंदोबस्तात एका रात्रीत भिडे वाडा पाडण्यात आला. स्मारकाला मार्ग मोकळा झाला म्हणून अनेकांनी समाधान व्यक्त केले आणि ते समाधान प्रामाणिक होते. परंतु एका ऐतिहासिक शाळेची इमारत तिच्याच स्मारकासाठी पाडावी लागते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, या गोष्टीचा विचार इतिहास आणि वास्तुकला या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी करावयास हवा. त्यासाठी भिडे वाड्याच्या शेजारी दुसरी एक वास्तू ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. ती म्हणजे विश्रामबाग वाडा. दोहोंतील अंतर पायी दहा-बारा मिनिटांचे. दोन्ही मुळात निवासी वाडे, दोन्हींत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षणसंस्था सुरू झाल्या. एक उभा आहे, दुसरा नाही.

विश्रामबाग : राजवाडा ते पाठशाळा

विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला. त्यासाठी सुमारे दोन लाख रुपये खर्च आला, असे सांगितले जाते. शनिवारवाड्याप्रमाणे त्याला तट-बुरूज नाहीत. नावाप्रमाणे ते सुखवस्तू निवासस्थान होते. दर्शनी भागातील पुढे आलेला कोरीव सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावरील नक्षी आणि आतील चौकांची मांडणी हे सर्व पेशवाईच्या अखेरच्या काळातील सुतारकामाचे उत्तम नमुने मानले जातात. विस्ताराने हा वाडा मोठा असला, तरी त्याची खरी श्रीमंती लाकडात आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर बाजीरावाने पुणे सोडले आणि १८१८ साली पेशवाई संपली. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १८२१ मध्ये, दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याच्या कारकिर्दीत या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. इंग्रजी कागदपत्रांत तिला हिंदू कॉलेज म्हटलेले आढळते. पेशव्यांकडून विद्वान ब्राह्मणांना दरसाल वाटली जाणारी दक्षिणा एकाएकी बंद केली, तर शहरातील एक प्रभावशाली वर्ग दुखावेल, याची जाणीव एल्फिन्स्टनला होती. त्यामुळे त्या निधीचा काही भाग पाठशाळेकडे वळविण्यात आला. म्हणजे पैसा पेशव्यांच्या परंपरेचा, घर पेशव्यांचे, विद्यार्थी त्याच वर्गातील आणि व्यवस्था कंपनी सरकारची, असा हा प्रकार होता. सुरुवातीच्या काळात तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता.

येथे वास्तूचा मुद्दा उपस्थित होतो. राजवाडा पाठशाळेसाठी कसा काय चालला? याचे उत्तर तत्कालीन अध्यापनपद्धतीत आहे. शास्त्रीजी एका सोप्यात बैठक घालून बसत, त्यांच्यासमोर चार-सहा विद्यार्थी. व्याकरण एका बाजूस, न्याय दुसऱ्या बाजूस, ज्योतिष आणखी कोठे. वर्ग नावाची भिंतींनी बंदिस्त खोली या पद्धतीला लागतच नाही. वाड्याची रचना ‘खणां’ची असते, दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, साधारणपणे पाच-सहा फुटांचा. इतक्या खणांची ओसरी, इतक्या खणांचा दिवाणखाना, असे वाड्याचे माप सांगितले जाते. खण हे मोकळे माप आहे. त्यात शास्त्री व शिष्य बसू शकतात, कारकून व दप्तर बसू शकते, वऱ्हाडाची पंगतही बसू शकते. विश्रामबागेतील पाठशाळेला म्हणूनच वाड्यात फारसा बदल करावा लागला नसणार.

पुढे परिस्थिती पालटली. १८५१ साली संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज अस्तित्वात आले. मेजर थॉमस कँडी तिचे प्रमुख होते. मराठीच्या अभ्यासकांना कँडींचे नाव मोल्सवर्थच्या कोशामुळे आणि मराठी लेखनात विरामचिन्हे रुळविण्याच्या प्रयत्नांमुळे परिचित आहे. आपण हा लेख वाचताना ज्या स्वल्पविरामांवर थांबतो, त्यांच्याशी विश्रामबागेचा असा दूरचा संबंध आहे. इयत्ता, तासिका, बाके, फळा आणि परीक्षा यांसह आलेल्या नव्या शिक्षणपद्धतीला खणांची मोकळी मांडणी अपुरी पडू लागली असल्यास नवल नाही. विल्किन्सच्या आराखड्यातील डेक्कन कॉलेजकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यातील गॉथिक कमानींपेक्षा स्वतंत्र खोल्यांची रांग अधिक अर्थपूर्ण वाटते. शैली दर्शनी भागात दिसते. अध्यापनातील क्रांती मात्र नकाशात दिसते, आणि आपल्याकडील वास्तुलेखन प्रायः दर्शनी भागापाशीच थांबते.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या दोन्हींना आग लावण्यात आली. बुधवार वाडा जवळपास संपूर्ण जळाला. विश्रामबागेचे मोठे नुकसान झाले, पण तो वाचला. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड त्या काळात चालू असल्याने संशयाची सुई प्रथम वेगळ्या दिशेस वळली होती. पुढे हे कृत्य एका सरकारी नोकराचे असल्याचे निष्पन्न झाले. जळालेला भाग पुन्हा उभारण्यात आला. त्यानंतर या वाड्याने माध्यमिक शाळा पाहिली, कचेऱ्या पाहिल्या, १९३० पासून जवळजवळ तीन दशके नगरपालिकेचा आणि नंतर महानगरपालिकेचा कारभार पाहिला, टपाल कार्यालय पाहिले. गेल्या दोन दशकांत त्याच्या जतनाचे काम टप्प्याटप्प्याने झाले. आज तो शहरातील वारसा-वास्तूंत अग्रस्थानी आहे.

लक्षात घेण्याची बाब अशी की, विश्रामबाग वाचला तो पाठशाळेमुळे नव्हे. तो पेशव्याचा वाडा होता, त्यातील लाकूडकाम अप्रतिम होते, आणि मालकी सरकारची असल्याने तो सदैव कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक उपयोगात राहिला. महाराष्ट्रातील आधुनिक उच्च शिक्षणाची एक महत्त्वाची शाखा तेथे उगम पावली, हे त्याच्या वारसामूल्यात आनुषंगिक म्हणून येते.

घर आणि शाळा

आता भिडे वाड्याकडे वळू. तात्यासाहेब भिडे यांचा हा वाडा बुधवार पेठेत, आजच्या दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर होता. एका ब्राह्मण गृहस्थाने आपल्या राहत्या पेठेतील वाडा मुलींच्या शाळेसाठी उपलब्ध करून द्यावा, ही १८४८ च्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती. जोतीरावांचे मित्र सदाशिवराव गोवंडे आदींचे साहाय्य या उपक्रमास होते. शाळा सुरू झाल्याची रूढ तारीख १ जानेवारी १८४८ अशी आहे. काही चरित्रकार ती त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्याचे मानतात. खुद्द जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात मुलींची शाळा काढल्याचे साल सुमारे १८५४ असे सांगितले आहे. स्मरणातील या चुकीचा आधार घेऊन काहींनी आक्षेप घेतले. प्रस्तुत लेखकास त्यातून वेगळेच काही जाणवते. संस्थापकाला आपल्या कार्याच्या प्रथम दिनांकाची फिकीर नव्हती. ती पुढील पिढ्यांना वाटू लागली.

वाडा हे या शाळेचे केवळ सोयीचे ठिकाण होते काय? भाड्याची इमारत मिळाली नाही, म्हणून घर वापरले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. याविषयी थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे.

पुण्यातील मध्यम प्रतीच्या वाड्याची रचना ढोबळमानाने सांगता येते. घडीव दगडांचे जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यात विटांची भर, वर कडीपाटाचा मजला. रस्त्याला लागून दिंडी दरवाजा, आत देवडी, मग चौक, चौकाच्या भोवती ओसरी किंवा सोपा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर व देवघर. वर माडी व दिवाणखाना. ही रचना म्हणजे सामाजिक व्यवस्थेचाच नकाशा आहे. रस्त्यावरून येणारा कोणता मनुष्य कोठपर्यंत येऊ शकतो, हे देवडी, ओसरी, माजघर या पायऱ्यांनी ठरते. काहींना देवडीपर्यंत, काहींना ओसरीपर्यंत, आणि फारच थोड्यांना आत. जात, लिंग आणि सोवळे-ओवळे यांचे नियम वाड्याच्या भिंतींत बांधलेले असतात. स्त्रियांचे क्षेत्र आत, माजघराच्या अंधारात. पुरुषांचे क्षेत्र बाहेर, ओसरी व दिवाणखान्याच्या उजेडात.

अशा घरात मुलींची शाळा भरते, तेव्हा या नकाशात उलथापालथ होते. लिहिण्यावाचण्यास उजेड लागतो. पाटी असो वा धूळपाटी, माजघरात बसून अक्षर गिरविता येत नाही. शाळेस जागा द्यावयाची, तर ती ओसरीवर किंवा माडीवरच देता येते, आणि ही दोन्ही स्थळे वाड्याच्या नकाशात पुरुषांची आहेत. म्हणजे मुलींचे वर्ग भरल्याबरोबर वाड्याचा उजेडाचा भाग, निदान काही तास, मुलींच्या ताब्यात गेला. शिवाय त्यांना शिकविणारी व्यक्ती एक माळी समाजातील स्त्री होती. ती देवडी ओलांडून आत येत असे आणि बसलेल्या मुलींपुढे उभी राहत असे. या दृश्याचा क्रांतिकारक अर्थ ‘घटनास्थळ’ या शब्दाने प्रकट होत नाही. वाड्याचा नकाशा डोळ्यांसमोर असेल, तरच तो कळतो.

दुसरा मुद्दा दरवाज्याचा आहे. सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्यावर शेण, चिखल, दगड फेकले जात आणि त्या दुसरे लुगडे सोबत नेत, ही हकीकत चरित्रांतून परंपरेने आली आहे. या हकीकतीतील सर्व त्रास रस्त्यावर घडतो. वास्तुदृष्ट्या पाहता, धोका रस्त्यावर होता आणि देवडीच्या आत संरक्षण होते. मुलीच्या पित्याच्या दृष्टीनेही, आपली मुलगी कोण्या सार्वजनिक इमारतीत जाते, यापेक्षा ती एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या घरात जाते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणे सोपे असणार. घर हे शाळेचे आवरण होते. ज्या काळी मुलींची शाळा हा शब्दच आक्षेपार्ह होता, त्या काळी तिला घराचे रूप धारण करणे भाग होते. येथे एक गोष्ट मान्य करावयास हवी. जी भिंत संरक्षण देते, तीच बंदिस्तही करते, आणि स्त्रियांच्या इतिहासात वाड्याच्या भिंतीने दुसरे काम अधिक केले आहे. म्हणूनच तिचा उपयोग पहिल्या कामासाठी झाला, ही बाब मोलाची ठरते.

याला समांतर उदाहरण बंगालमध्ये आढळते. कलकत्त्यात १८४९ साली बेथून यांनी सुरू केलेली मुलींची शाळाही प्रारंभी दक्षिणारंजन मुखर्जी यांच्या बैठकखान्यात भरत असे. बैठकखाना म्हणजे आपल्याकडील दिवाणखान्याचा भाऊबंद, घराचा पुरुषी, बाहेरचा भाग. दोन-तीन वर्षांतच त्या शाळेला कॉर्नवॉलिस चौकाजवळ स्वतःची इमारत मिळाली, कारण बेथून हे गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे सभासद होते. फुल्यांच्या शाळेला तसा आश्रयदाता नव्हता. ती घरोघर फिरत राहिली.

भिडे वाड्यातील पहिली शाळा काही महिन्यांतच अडचणीत आली. जोतीरावांना पत्नीसह वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. या तीन शाळांचे कार्य भिडे वाड्यातील अल्पजीवी प्रयोगापेक्षा अधिक स्थिर होते. तथापि चिपळूणकरांच्या वाड्याचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? अध्यापकांच्या उद्बोधनवर्गात प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न एकदा विचारला असता सभागृहात शांतता पसरली.

शाळा वाड्यात भरविण्याची ही रीत पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. १८८० साली सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल मोरोबा वाड्यात भरत होते आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेजचा आरंभ गद्रे वाड्यात झाला. मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची सुप्रसिद्ध शाळा हुजूरपागा ज्या जागेवर स्थिरावली, ती पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची. नावातच ती इमारत शिल्लक आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील पुण्यात शाळेची सर्वसामान्य वास्तू वाडा हीच होती आणि डेक्कन कॉलेजसारखी इमारत अपवाद होती. आपल्या वास्तुइतिहासाने अपवादाला नियम मानले आणि नियमाला तळटीप केले.

या दोन वाड्यांना जोडणारा एक प्रसंग आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा त्यांच्या शैक्षणिक कार्याबद्दल शालजोडी देऊन सत्कार करण्यात आला. ज्या वाड्यात एकतीस वर्षांपूर्वी दक्षिणेच्या पैशातून केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी पाठशाळा निघाली होती, त्याच वाड्यात मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना शिकविणाऱ्या मनुष्याचा गौरव होत होता. घरांच्या ओसऱ्यांतून चाललेल्या कार्याला सरकारी मान्यता मिळण्यासाठी राजवाड्याच्या दिवाणखान्यात यावे लागले, असेही याकडे पाहता येईल. दोन्ही अर्थ खरे आहेत. विश्रामबागेच्या लाकूडकामाचे वर्णन करणाऱ्या लेखनात मात्र हा प्रसंग अभावानेच आढळतो.

‘पहिली’ या शब्दाचा भार

भिडे वाड्याविषयीच्या सार्वजनिक चर्चेत ‘देशातील मुलींची पहिली शाळा’ हे शब्द मंत्राप्रमाणे उच्चारले जातात. वस्तुतः मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत १८२० च्या दशकापासून चालू होत्या. अहमदनगरची मिस फॅरार यांची शाळा पाहून आपणास प्रेरणा मिळाली, असे जोतीरावांनीच सांगितले आहे. बंगालमधील बारासात येथे १८४७ साली एतद्देशीयांनी मुलींची शाळा काढली होती. त्यामुळे ‘पहिली’ या शब्दास ‘एतद्देशीयांनी काढलेली’, ‘पश्चिम भारतातील’, ‘सर्व जातींच्या मुलींसाठी’ अशी विशेषणे जोडावी लागतात, आणि मग त्या विशेषणांवर वाद सुरू होतो. हा वाद सर्वस्वी निरर्थक आहे, असे म्हणता येणार नाही. ज्यांचे कार्य शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांबाहेर राहिले, त्यांच्या अनुयायांना अग्रक्रम सिद्ध करावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या शब्दाचा एक अनिष्ट परिणाम वास्तूवर झाला. अग्रक्रमाला फक्त स्थान आणि दिनांक लागतो, भिंती लागत नाहीत. जागा मिळाली, फलक लागला, पुतळा बसला की अग्रक्रम सुरक्षित होतो. वाडा कसा होता, याची गरजच उरत नाही.

याच्या उलट उदाहरण शहरातच आहे. महात्मा फुले यांचे पूर्वीच्या गंज पेठेतील घर जतन करण्यात आले असून ते स्मारक म्हणून पाहता येते. ते घरही काही राजवाडा नाही. साधे घर, अंगण, विहीर. परंतु तेथे गेल्यावर जोतीरावांचे जगणे कोणत्या मापाचे होते, हे अंगाला जाणवते. अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद तेथे आहे, आणि तो पाहताना पाण्याचा प्रश्न पुस्तकापेक्षा वेगळ्या रीतीने समजतो. साध्या वास्तूला जतनमूल्य असते, हे यावरून सिद्ध झालेलेच होते. तोच न्याय भिडे वाड्यास लावला गेला नाही.

पाडण्यापूर्वीची नोंद

वाडा पाडला, त्यास सर्वस्वी अविचार कारणीभूत होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यातील वाड्यांच्या ऱ्हासाची कारणे आर्थिक आणि कायदेशीर आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. महिना काही रुपये भाड्यावर मालक तुळई बदलणार कोठून? भाडेकरू जागा सोडण्यास तयार नाही आणि मालक डागडुजीस तयार नाही, अशा अवस्थेत शेकडो वाडे खचले. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत दोन पिढ्या उलटल्या होत्या. भिडे वाड्याच्या बाबतीत त्यात तळमजल्यावरील दुकाने, बदललेली मालकी, बाजारपेठेतील जागेची किंमत, हे सर्व येऊन मिळाले. २००६ साली महापालिकेने स्मारकासाठी ही जागा संपादन करण्याचा निर्णय घेतला. त्यास आव्हान दिले गेले आणि प्रकरण दीर्घकाळ न्यायालयात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिल्यावर महिन्याभरात वाडा रिकामा होऊन पडला. या अवधीत तो इतका जीर्ण झाला होता की, संपूर्ण जतन हा व्यवहार्य पर्याय होता काय, याविषयी जतनतज्ज्ञांतही दुमत होऊ शकेल. शेवटच्या काही वर्षांत रस्त्यावरून दिसत असे ते केवळ दुकानांच्या पाट्यांवर डोकावणारे जुने लाकूड.

परंतु ‘ठेवावा की पाडावा’ या दोन पर्यायांव्यतिरिक्त तिसरा एक प्रश्न होता आणि तो सार्वजनिक चर्चेत फारसा ऐकू आला नाही. पाडण्यापूर्वी या वास्तूकडून काय काय समजून घेता येईल, हा तो प्रश्न. जोत्याची मापे, खणांची संख्या, जिन्याचे स्थान, माडीची उंची, खिडक्यांची दिशा, कोणते खांब मूळचे आणि कोणते नंतरचे, कोणत्या विटा कोणत्या काळातील, या गोष्टी वाड्याच्या देहात लिहिलेल्या असतात. ज्या शाळेची दप्तरे, हजेरीपट, जमाखर्च फारसे उरलेले नाहीत, तिच्याबाबत इमारत हाच दस्तऐवज असतो. किती मुली एका वेळी बसू शकल्या असत्या, त्यांना उजेड कोणत्या बाजूने मिळाला असता, रस्त्यावरील आवाज आत किती येत असेल, यांची उत्तरे अनुमानाने का होईना, मापांवरून काढता आली असती. कागद जाळला तर इतिहासकार हळहळतो. इमारत पडली तर तो म्हणतो, जागा तर आहेच.

वारसा-नियमावलींतील निकष या वृत्तीस अप्रत्यक्ष खतपाणी घालतात, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मुंबईसाठी १९९५ साली लागू झालेल्या आणि देशात पथदर्शक ठरलेल्या वारसा-नियमांत वास्तूंची श्रेणी ठरविताना वास्तुसौंदर्याबरोबर ऐतिहासिक व सामाजिक महत्त्वाचाही विचार आहे. कागदावर निकष योग्य आहेत. प्रत्यक्षात सूची तयार करणारी नजर दर्शनी भागावर खिळते, कारण सौंदर्य छायाचित्रात पकडता येते आणि सामाजिक महत्त्व पकडता येत नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मोजणीचा सराव म्हणून नेले जाते ते विश्रामबागेत. सुरूदार खांब रेखाटण्यात आनंद आहे, हे प्रस्तुत लेखक जाणतो. बुधवार पेठेतील गर्दीत, दुकानांच्या आडून, चार मोडके खण मोजण्यात तो आनंद नाही.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी भिडे वाड्याच्या जागेवरील स्मारकाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. या जागी कोणते स्मारक योग्य, याविषयी मतभेद असणारच. लेखकाची अपेक्षा मर्यादित आहे. नव्या बांधकामात जुन्या वाड्याच्या खणांचे, देवडीचे आणि जिन्याचे स्थान, ज्या छायाचित्रांवरून, भूमापन नकाशांवरून व जुन्या रहिवाशांच्या स्मरणावरून ठरविता येईल तेवढे, जमिनीवर दाखविले जावे. आत येणाऱ्यास प्रथम देवडी ओलांडावी लागावी. आणि भिडे वाड्याबरोबर चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ व वेताळ पेठ यांचीही नोंद तेथे असावी, कारण शाळा एका वाड्यात मावली नव्हती. विश्रामबागेत १६ नोव्हेंबर १८५२ च्या सत्काराची ठळक नोंद करणे तर त्याहून सोपे आहे. त्यासाठी कोणास बेघर करावे लागणार नाही.

राहिला प्रश्न अन्य वाड्यांचा. १८२१ ते १९०० या काळात पुण्यात, साताऱ्यात, वाईत, नाशकात ज्या घरांतून शाळा भरल्या, त्यांपैकी काही अद्याप उभी आहेत. काहींत आजही बालवाडी भरते, काहींत गोदामे आहेत. आपल्या महाविद्यालयातील इतिहास, भूगोल व स्थापत्य या विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणून अशा घरांची मापे घेता येतील. एका घरास एक फीत, एक वही, दोन विद्यार्थी आणि दोन दुपारी पुरतात. मालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी लागेल, आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकावे लागेल, कारण जुन्या कडीपाटावर ओल्या दिवसांत उभे राहणे धोक्याचे असते.